जसा श्रोता, तसें वक्तृत्व
श्रोता बदलला कीं वक्तृत्वाची रीतही बदलते. पुण्याच्या दोन थोर पुढाऱ्यांचीं दोन भाषणें याची साक्ष देतात.

मार्च १९०२ मध्यें नामदार गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यास वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलले. तेथें सभासदांस चर्चेची मुभा होती. मत देण्याचा अधिकार नव्हता. म्हणून गोखल्यांनीं सरकारचेच आंकडे हातीं घेतले. खजिन्यांतील शिल्लक हें भरभराटीचें लक्षण नसून, दुष्काळानें गांजलेल्या रयतेवरील जादा कराचें फळ आहे, हें त्यांनीं त्यांवरूनच दाखविलें. मिठावरील कर कमी करण्याची त्यांची मागणी होती. १९०३ सालीं तो मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

जुलै १९०८ मध्यें मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळकांनीं राजद्रोहाच्या आरोपाला स्वतः उत्तर दिलें. समोर सात युरोपियन व दोन पारशी ज्यूरर होते. लेख मराठी, पण ज्यूरीच्या हातीं त्यांचीं इंग्रजी भाषांतरें! त्यामुळें टिळकांना एकेका शब्दाचा अर्थ उलगडून सांगावा लागला. भाषण २१ तास १० मिनिटें चाललें. तरीही सात विरुद्ध दोन मतांनीं ते दोषी ठरले व त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

निकाल लागल्यावर त्यांनीं काढलेले मोजके उद्गार मात्र ज्यूरीसाठीं नव्हते. ते बाहेरच्या जनतेसाठीं होते. १९५६ सालीं ते त्याच न्यायालयांत संगमरवरावर कोरून लावले गेले.

समोरचा श्रोता ओळखणें हें वक्त्याचें कौशल्य होय. समोर नसलेल्या श्रोत्याचें भान राखणें, हें त्याचें मोठेपण.