एका गावाची नावं

मंडळी, आज जरा लांबच्या गावाची गोष्ट सांगतो. परवा नातवाच्या नकाशाच्या पुस्तकात सिसिली बेट पाहत बसलो होतो. बेटाच्या मधोमध, समुद्रापासून दूर, ९३१ मीटर उंच डोंगरमाथ्यावर एन्ना नावाचं गाव आहे. थेट गडावरच वस्ती!

वर्गात शिकवायचो तशी आधी सनावळी. मूळचे सिकेल लोक, मग ग्रीक, रोमन, बायझंटाइन. इ. स. ८५९ मध्ये अरबांनी गड घेतला. तो इतका अवघड की पाण्याच्या मोरीतून आत शिरावं लागलं. १०८७ मध्ये नॉर्मन रॉजर आला. इथल्या हमूद नावाच्या अमीराने बोलणी करून गड दिला आणि तो ख्रिस्ती झाला. पुढे जर्मन, आरागॉनी, स्पॅनिश, बूर्बों आणि १८६१ पासून इटली.

गंमत आहे ती नावाची. रोमनांचं 'कास्त्रुम हेन्नाए', म्हणजे हेन्नाचा किल्ला. अरबांच्या जिभेवर त्याचं 'कसर यान्नी' झालं. नंतरच्या लोकांना त्या 'यान्नी'त 'जोव्हान्नी', म्हणजे जॉन ऐकू आला आणि गाव झालं कास्त्रोजोव्हान्नी. जॉनचा यात काही संबंधच नव्हता! पुढे मुसोलिनीच्या काळात, १९२७ साली गाव प्रांताचं मुख्य ठाणं झालं, त्या सुमारास जुनं 'एन्ना' परत आलं.

इथवर लिहिलं आणि एक जुना विद्यार्थी आठवला. मागच्या बाकावरचा. अशीच राजांची यादी फळ्यावर लिहीत होतो, तेव्हा त्याने विचारलं होतं, "गुरुजी, राजे बदलत होते तेव्हा गावातली माणसं काय करत होती?" मी म्हणालो, "ते परीक्षेला येत नाही. बस खाली."

काय करत होती? इ. स. पू. २१४ मध्ये गाव कार्थेजच्या बाजूला जाईल या संशयाने रोमन ठाणेदार पिनारियसने गावकऱ्यांना सभेसाठी नाट्यगृहात जमू दिलं आणि तिथेच निःशस्त्र लोकांची कत्तल करवली. इ. स. पू. १३५ च्या सुमारास याच गावात गुलामांनी बंड केलं. त्यांचा पुढारी युनस, सीरियाहून आणलेला गुलाम. त्याला त्यांनी राजा केलं. रोमला ते बंड मोडायला इ. स. पू. १३२ उजाडलं.

बंड पेटलं ते दामोफिलस नावाच्या धनाढ्य मालकाच्या आणि त्याच्या बायकोच्या क्रूरपणामुळे. गुलामांनी दोघांनाही मारलं. पण त्यांची मुलगी गुलामांशी मायेने वागायची, मार खाल्लेल्यांची शुश्रूषा करायची. तिला कोणी बोट लावलं नाही. काही जणांनी तिला सोबत करून कातानाला नातेवाइकांकडे सुखरूप पोचवलं. डायोडोरस या सिसिलीच्याच इतिहासकाराने हे नोंदवून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळतं. त्या मुलीचं नाव मात्र त्यात नाही.

आज एन्नाच्या किल्ल्यापाशी युनसचा पुतळा आहे. साखळी तोडणारा. माझ्या फळ्यावरच्या यादीत तो कधीच बसला नसता, आणि ती मुलगी तर नाहीच.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे केस आता पांढरे झाले असतील. बाळा, कधी हे वाचलंस तर समज, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला गुरुजींना फार उशीर झाला.