आकार साच्याचा, रंग हाताचा

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती करण्याची हौस मानवास पुरातन काळापासून आहे. ईजिप्तमधील थडग्यांत मृताच्या सोबतीला ठेवलेल्या लाकडी नौका आणि त्यांवरील रंगविलेले चिमुकले नावाडी वस्तुसंग्रहालयांतून आजही पाहावयास मिळतात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारणारी आमची मुलेही त्याच हौसेचे वारस होत. विसाव्या शतकात या हौसेला एक नवे रूप लाभले. विमान, जहाज वा रणगाडा यांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत भरून विकावयाचे आणि घेणाऱ्याने ते घरी जोडून रंगवावयाचे, असे हे रूप. याचा इतिहास बहुधा कारखान्यांचा आणि साच्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो कुंचल्याच्या बाजूने सांगावासा वाटतो. वस्तूचा आकारच जेव्हा यंत्र करू लागते तेव्हा माणसाच्या हाताला काय उरते, हा आपल्या युगाचा मोठा प्रश्न या लहानशा खेळातही उभा राहिला होता.

प्लॅस्टिकपूर्वीचा काळ लाकडाचा होता. इंग्लंडमध्ये १९३२ च्या सुमारास जेम्स हे स्टीव्हन्स यांच्या आखणीवरून ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाचे विमानांचे लाकडी संच निघाले. सहा फुटांचा माणूस एक इंच उंचीचा दिसावा अशा बेताने त्यांचे प्रमाण ठरविले होते. १:७२ हे आज जगभर रूढ असलेले प्रमाण ते हेच. त्या काळी कसब सुरीत आणि काचकागदात होते. ठोकळ्यातून विमानाचा देह बाहेर काढणे हेच मुख्य काम. रंग मागाहून येई. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून पाच लाख लाकडी विमाने करून घेण्याचे ठरविले, तेव्हा तर ती सारी काळ्या रंगाने रंगवावी असाच दंडक होता. आकाशातील विमान आपले की शत्रूचे हे केवळ आकृतीवरून ओळखण्यास सैनिकांना शिकवावयाचे होते. आकार हेच तेथे सर्वस्व; रंगास काही बोलावयाचेच नव्हते.

साच्यातून काढलेल्या विमानांचा आरंभ त्यापूर्वीच झाला होता. ‘फ्रॉग’ या नावाने उडणारी खेळण्यातील विमाने विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ मालिका काढली. ही विमाने उडत नसत, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव त्यांस दिले. ती ज्या सेल्युलोज ॲसिटेटची होती तो पदार्थ कालांतराने वाकतो. खरी क्रांती केली ती युद्धोत्तर काळातील पॉलिस्टायरीनने. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये लंडन येथे स्थापन केलेली ‘एअरफिक्स’ कंपनी आरंभी रबराची खेळणी व नंतर कंगवे करीत असे. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांकरिता एक लहान ट्रॅक्टर करून देण्याचे काम तिला मिळाले. तो जोडून देण्यात मजुरी फार जाऊ लागली, तेव्हा सुटे भागच विकावे अशी युक्ती निघाली. १९५२ मध्ये ड्रेकचे ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज पिशवीत घालून वुलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकले गेले, आणि त्याच दशकात स्पिटफायर विमानही आले. शाळकरी मुलाच्या खिशाला परवडेल अशा किमतीत दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास मिळू लागला.

आता शहाण्या कारागिराचे आणि नवशिक्या पोराचे विमान आकाराने एकच झाले. सुरीची विद्या एका दिवसात निरुपयोगी ठरली. मग हाताला उरले काय? उत्तर सोपे होते: रंग. पेणच्या गणेशमूर्तींचा व्यवहार ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका साच्यातून निघालेल्या मूर्ती सारख्याच असतात; पण डोळ्यांची आखणी ज्याच्या हाती सोपवितात तो कारागीर त्या कारखान्यातील सर्वांत मानाचा असतो. साचा देह देतो, दृष्टी कुंचला देतो.

मात्र हा नवा पदार्थ रंगाच्या बाबतीत नाजूक निघाला. लाकडी विमानांना लावीत असलेले सेल्युलोजचे रोगण पॉलिस्टायरीनवर घातल्यास प्लॅस्टिकच विरघळू लागते. ते दोन भाग ज्या द्रवाने जोडतात तोही खरे पाहता गोंद नव्हे. कडा किंचित वितळवून तो त्या एकजीव करतो. म्हणून रंग असा हवा, की जो प्लॅस्टिकवर बसेल पण त्यास खाणार नाही. तैलयुक्त इनॅमल या कसोटीस उतरले. इंग्लंडातील हल या बंदरात १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘हंबर ऑइल’ कंपनीने ‘हंब्रोल’ या नावाने इनॅमलच्या इवल्याशा डब्या काढल्या. अमेरिकेत रॉकफर्ड येथील ‘टेस्टर’ कंपनीच्या चौकोनी बाटल्या घरोघर गेल्या. हंब्रोलच्या डबीत १४ मिलिलिटर रंग मावतो. ज्यांचा संसार दर तीन वर्षांनी पेट्यांत भरला जातो अशा आमच्या वाचकांस या मापाचे शहाणपण पटेल. रंगाची डबी बदलीच्या सामानात कोठेही जाते. पुरे झालेले विमान मात्र पंख शाबूत ठेवून पोहोचेलच असे नाही.

नवशिक्यांकरिता या कलेचे जे नियम रूढ झाले त्यांतील प्रत्येकामागे पदार्थाचा काही स्वभाव आहे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश प्लॅस्टिकवर राहतो. त्यावर रंग धरत नाही, म्हणून भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुवावयाचे. रंगद्रव्य डबीच्या तळाशी बसते. वरवरचा पातळ भाग घेतल्यास रंग चिकट आणि चकचकीत येतो, म्हणून डबी मनसोक्त ढवळावयाची. बारीक भाग चौकटीवर असतानाच रंगवावयाचे, कारण ते सुटे झाले की बोटांत मावत नाहीत. जेथे जोड बसावयाचा तेथे मात्र रंग खरवडून टाकावयाचा. द्रवाला प्लॅस्टिक भेटले नाही तर जोड धरत नाही. फिकट रंग आधी, गडद मागाहून. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एक जाड हात देण्याऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावयाचे व प्रत्येक हात पुरता वाळू द्यावयाचा. जाड रंगाखाली पत्र्याच्या सांध्यांच्या सूक्ष्म रेषा बुजतात आणि साचा करणाराचे सारे कौशल्य मातीस मिळते. बाराव्या वर्षी हा शेवटचा नियम पाळणे किती कठीण असते ते सांगावयास नकोच. रंग ओला असतानाच विमान उडविण्याचा मोह कोणास झाला नसेल?

याहून गहन प्रश्न पुढेच होता. रंग द्यावयाचा, पण कोणता? पेटीवरील चित्र पाहून मुले रंग ठरवीत. एअरफिक्सकरिता १९६४ पासून दहा वर्षे रॉय क्रॉस यांनी काढलेली चित्रे इतकी जिवंत होती, की त्या पेट्यांतून एका पिढीने युद्ध पाहिले असे म्हणता येईल. परंतु चित्र म्हणजे पुरावा नव्हे, आणि पुरावा शोधू लागताच इतिहास डळमळू लागला. १९४० च्या जूनमध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांचे पोट ‘स्काय’ नामक फिकट हिरवट रंगाने रंगविण्याचा हुकूम निघाला. तोवर एका पंखाचा तळ काळा आणि दुसऱ्याचा पांढरा असे. पण हुकूम पोहोचला तरी रंग सर्वत्र पोहोचला नव्हता, आणि ठिकठिकाणी जे मिळेल ते मिसळून काम भागविले गेले. कागदावर रंग एक, आकाशात अनेक! सरकारी फाइलींशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

छायाचित्रे तरी सत्य सांगतील असे वाटावे; पण तीही फसवितात. त्या काळी बरीच वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या प्रकाशास आंधळी असे. तीवर तांबडा रंग काळा उमटे, पिवळा गडद दिसे आणि निळा फिका पडे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रंगांविषयीचे कित्येक वाद यातूनच उद्भवले. युद्धे संपली, विमाने भंगारात गेली. जी थोडी उरली त्यांवर नंतर नवे रंग चढले. ज्या वस्तू लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या त्यांचा रंग वीस वर्षांत कोणास खात्रीने सांगता येईना.

ही उणीव भरून काढण्यास विद्यापीठांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या आधी, पुढे आले ते हे हौशी लोक. इंग्लंडमध्ये १९६३ मध्ये प्लॅस्टिक प्रतिकृतिकारांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्यासारख्या मंडळांतून सभासदांनी जुने आदेश वाचले, अवशेषांवरील रंगाचे पापुद्रे तपासले आणि ते प्रमाणित रंगपट्ट्यांशी ताडून पाहिले. १९५६ मध्ये अमेरिकन सरकारने प्रसिद्ध केलेल्या ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ मध्ये प्रत्येक रंगास पाच अंकी क्रमांक होता. त्यातील पहिल्या अंकावरून रंग चकचकीत की मंद हे कळे. सरकारी खरेदीकरिता निर्माण केलेली ही मोजपट्टी हौशी मंडळींच्या हाती संशोधनाचे साधन बनली.

आपल्या देशाचाही या रंगेतिहासात एक धागा आहे. १९४३ च्या सुमारास ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील दोस्त विमानांच्या वर्तुळचिन्हातून मधला तांबडा ठिपका काढून टाकण्यात आला; जपानी विमानावरील तांबड्या सूर्यबिंबाशी घोटाळा होऊन आपलाच माणूस आपल्या गोळीस बळी पडू नये हा हेतू. भारतीय हवाई दलाची पथके त्या आघाडीवर निळ्या व फिकट निळ्या वर्तुळाखाली लढली. त्यांचे स्पिटफायर रंगविताना नवशिक्याने सवयीने मध्ये तांबडा ठिपका दिला, तर चूक केवळ रंगाची होत नाही. त्या ठिपक्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न होता.

जपानमध्ये या छंदाला आणखी एक छटा आली. शिझुओका येथील ‘तामिया’ हा १९४६ मध्ये सुरू झालेला लाकडाचा व्यवसाय. त्याने १९६० मध्ये आपले पहिले प्लॅस्टिक संच काढले त्यांत ‘यामातो’ ही युद्धनौका होती. खरी ‘यामातो’ ७ एप्रिल १९४५ रोजी सुमारे तीन हजार माणसांसह बुडाली होती. अवघ्या पंधरा वर्षांनी तिचे करडे पोलाद आणि लाकडी डेक जपानी मुले घरी बसून रंगवू लागली. पुढे याच कंपनीच्या रणगाड्यांनी १:३५ हे प्रमाण रूढ केले. त्याचे मूळ पहिल्या ‘पँथर’ रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावविण्याच्या गरजेत होते. रणगाडा म्हटला की चिखल, गंज आणि धूळ आली. १९७० नंतर अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी पातळ गडद रंग खाचांत सोडण्याची व जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळण्याची रीत लोकप्रिय केली. नवी कोरी वस्तू रंगविणे मागे पडले. वापरलेली, थकलेली, ऊनपाऊस सोसलेली वस्तू रंगविणे हे ध्येय झाले.

पुढे या व्यवसायाचे चढउतार झाले. एअरफिक्स १९८१ मध्ये कोसळली, १९८६ मध्ये हंब्रोलच्या मालकांकडे आली आणि २००६ मध्ये दोन्ही नावे हॉर्न्बी कंपनीने घेतली. इनॅमलच्या जोडीला पाण्यात धुतले जाणारे ॲक्रिलिक रंग आले. नवशिक्यांच्या संचात आज रंगाच्या लहान कुप्या आणि कुंचलाही मिळतो. पण त्या कुंचल्याने पहिला हात देणाऱ्यापुढील प्रश्न तोच आहे: हे विमान खरोखर कसे दिसत होते? यंत्राने आकार देऊन हा प्रश्न सोडविला नाही. उलट तोच एक शिल्लक ठेवला. त्याचे उत्तर शोधता शोधता खेळणारा मुलगा नकळत इतिहासाच्या दारात येऊन उभा राहतो. त्या दारातून आत पाऊल टाकणारे थोडेच असले, तरी पुष्कळ विसरलेले रंग त्यांच्यामुळेच जगाच्या स्मरणात परत आले आहेत.