दोघींचा डाव : मुंबई, १९५२

या व्यासपीठावरून लढाया, तह, राज्यकारभार आणि संतवाङ्मय यांवर बोलण्याची रीत आहे. त्या पंक्तीत स्त्रियांच्या दुहेरी टेबल टेनिसचा एक सामना आणून बसवावा, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. पण इतिहास म्हणजे तरी काय? कोणी काय केले आणि मागच्यांनी त्यातले काय लक्षात ठेवले, या दोन गोष्टींचा हिशेब. हा हिशेब मोठ्या लढाईपेक्षा लहानशा सामन्यात कधी कधी अधिक स्वच्छ दिसतो. कारण तिथे निकाल निर्विवाद असतो, आणि तरीही स्मरण मात्र एकांगी राहते.

१९५२ सालच्या १ ते १० फेब्रुवारीला टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईला झाली. आशिया खंडात ही स्पर्धा भरण्याची ती पहिलीच वेळ. त्या स्पर्धेत काय झाले, असे या खेळाच्या एखाद्या जाणत्या शौकिनाला विचारावे. तो तत्काळ सांगेल की, हिरोजी सातो नावाचा जपानी खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला, तिच्यावरून चेंडू आवाज न करता सुटे, आणि भल्याभल्या युरोपीय खेळाडूंना त्याचा अंदाजच येईना. हे खरेच आहे. सातोने पुरुषांची एकेरी जिंकली आणि टेबल टेनिसचे रूप त्यानंतर पालटले. पण त्याच दहा दिवसांत त्याच शहरात शिझुकी नाराहारा आणि तोमिए निशिमुरा या दोन जपानी स्त्रियांनी स्त्रियांची दुहेरी जिंकली, आणि स्त्रियांचा सांघिक करंडकही जिंकला. ही दोन नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत? ज्या शहरात हा पराक्रम घडला, त्या शहराच्या आठवणीतही ती फारशी उरलेली नाहीत.

आधी या दुहेरीच्या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. लॉन टेनिसच्या दुहेरीत दोघांपैकी कोणीही चेंडू मारावा, बंधन नाही. टेबल टेनिसमध्ये तसे चालत नाही. एकीने मारला की पुढचा चेंडू दुसरीनेच मारायचा, मग पुन्हा पहिलीने. पाळी चुकली की गुण गेला. सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्या भागातून समोरच्यांच्या उजव्या अर्ध्या भागात, तिरपीच घालावी लागते. टेबलाची रुंदी अवघी पाच फूट. म्हणजे चेंडू मारला की त्या क्षणी बाजूला सरून जोडीदारणीला वाट करून द्यायची, आणि तिने मारताच पुन्हा आपल्या जागी यायचे. आपल्याकडे एकाच उखळात दोघीजणी दोन मुसळांनी आळीपाळीने कांडीत असत. एकीचे मुसळ वर तेव्हा दुसरीचे खाली. तालात रेसभर चूक झाली तर मुसळावर मुसळ आपटायचे. दुहेरीचा खेळ नेमका या जातीचा आहे. शिवाय त्यात एक बुद्धिबळाचा अंशही आहे. एका गेममध्ये समोरच्या ज्या खेळाडूचा चेंडू तुम्हांला घ्यावा लागतो, तिचा पुढच्या गेममध्ये तुमच्या जोडीदारणीला घ्यावा लागतो. निर्णायक गेममध्ये तर हा क्रम मध्यावर उलटतो. तेव्हा कोणता गेम आपल्याला सोयीचा आणि कोणता निभावून न्यावयाचा, याचा हिशेब मनात सतत चालू ठेवावा लागतो. एकेरीतल्या दोन उत्तम खेळाडू एकत्र आल्या म्हणजे उत्तम जोडी झाली, असे म्हणूनच होत नाही.

स्त्रियांची दुहेरी जागतिक स्पर्धेत आली ती १९२८ साली, स्टॉकहोमला. पुढे हंगेरीच्या मारिया मेदन्यान्स्की आणि अन्ना शिपोश या जोडीने १९३० ते १९३५ या काळात ओळीने सहा वेळा हे पद मिळविले. ते सगळे युग मध्य युरोपाचे होते. त्या काळी या खेळातल्या स्त्रियांच्या पराक्रमाकडे लोक कसे पाहत, याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. १९३७ साली ऑस्ट्रियातील बाडेन येथे रूथ आरन्स आणि ट्रूड प्रिट्सी यांचा एकेरीचा अंतिम सामना फार लांबला, ठरलेली वेळ संपली, आणि पंचांनी तो थांबवून त्या वर्षीचे पद कोणालाच दिले नाही. पुढे २००१ साली दोघींना संयुक्त विजेत्या मानण्यात आले. नोंदवहीतली दुरुस्ती व्हायला चौसष्ट वर्षे लागली.

आता मुंबईकडे येऊ. अंतिम सामन्यात जपानी जोडीसमोर उभ्या होत्या इंग्लंडच्या डायान आणि रोझलिंड रो. या सख्ख्या जुळ्या बहिणी, जन्म १४ एप्रिल १९३३, म्हणजे मुंबईत आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या. आदल्याच वर्षी व्हिएन्नाला त्यांनी हे पद जिंकले होते. त्यांच्या जोडीत निसर्गानेच एक सोय करून ठेवली होती : डायान डावखुरी आणि रोझलिंड उजव्या हाताची. डावखुरा आणि उजवा असे जोडीदार असले म्हणजे एकमेकांच्या वाटेत येण्याचा प्रश्नच बराचसा मिटतो. दोघी आपापल्या कडेला उभ्या राहू शकतात आणि फोरहँडचा फटका दोघींनाही मोकळा मिळतो. त्यात जन्मापासूनची सोबत. व्हिक्टर बार्नासारख्या नामांकित खेळाडूचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते. १९५१ ते १९५५ ही पाचही वर्षे त्या दोघी जागतिक दुहेरीच्या अंतिम सामन्यात होत्या. यावरून प्रतिस्पर्धी किती तोलाचे होते ते ध्यानात यावे.

आणि नाराहारा-निशिमुरा कोण होत्या? त्या जगाच्या टेबलावर प्रथमच आलेल्या देशाच्या खेळाडू होत्या. जपान या जागतिक स्पर्धेत उतरला तोच मुळी मुंबईला. संघही अगदी लहान, तीन पुरुष आणि दोन स्त्रिया. येथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा तह सप्टेंबर १९५१ मध्ये झाला खरा, पण तो अंमलात आला २८ एप्रिल १९५२ रोजी. म्हणजे फेब्रुवारीत या दोघी मुंबईत खेळत होत्या तेव्हा त्यांचा देश अजून परक्या सैन्याच्या ताब्यात होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावणे नव्हते. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले, तेव्हा भारताने जपानला बरोबरीच्या नात्याने पंक्तीला बसविले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला भारत गेला नाही. त्याने जपानशी स्वतंत्र तह केला, तो ९ जून १९५२ रोजी. या सगळ्या घटनांच्या मधोमध मुंबईची स्पर्धा येते. इकडे भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक चालू होती. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांचे राज्य होते त्या इंग्लंडच्या विजेत्या मुली, आणि ज्यांचे स्वतःचे राज्य अजून त्यांच्या हाती आले नव्हते अशा जपानच्या दोन मुली, यांचा सामना स्वतंत्र भारताच्या भूमीवर झाला आणि जपानने तो जिंकला. मी यात रूपक शोधीत नाही. रो भगिनींनी कोणाचे राज्य घेतले नव्हते. पण प्रेक्षकांत बसलेल्या माणसाच्या मनात हे सगळे नव्हतेच, असेही मानवत नाही.

दुहेरीइतकीच, किंबहुना अधिक अवघड गोष्ट म्हणजे सांघिक करंडक. स्त्रियांसाठी तो मार्सेल कॉर्बिलाँ या फ्रेंच गृहस्थांनी दिला होता. त्याच्या लढतीत चार एकेरी आणि एक दुहेरी असे पाच सामने असत. दोन खेळाडूंवर संघ भागे. पण मग त्या दोघींनाच प्रत्येक लढतीत एकेरी आणि दुहेरी, दोन्ही खेळावी लागे. जपानच्या त्या दोघींनी हे सारे ओझे आपसांत वाहिले. त्यांनी मागे टाकलेल्या संघांत रुमानिया होता, आणि रुमानियात अँजेलिका रोझानू होती. १९५० पासून १९५५ पर्यंत ओळीने सहा वर्षे स्त्रियांची एकेरी जिंकणारी ही खेळाडू. मुंबईतही एकेरी तिनेच जिंकली आणि हंगेरीच्या फेरेंत्स शिदोबरोबर मिश्र दुहेरीही. ज्यू असल्यामुळे महायुद्धाच्या काळात तिला स्वदेशातल्या क्रीडागृहांची दारे बंद झाली होती. तिच्याविषयी एक स्वतंत्र व्याख्यान द्यावे अशी ही बाई आहे. आज नाइलाजाने पुढे जातो.

सात विजेतेपदांपैकी चार जपानने नेली : पुरुषांची एकेरी, पुरुषांची दुहेरी, स्त्रियांची दुहेरी आणि कॉर्बिलाँ करंडक. त्यापूर्वी आशियातल्या कोणत्याही देशाला यांतले एकही मिळाले नव्हते. चारांपैकी दोन या दोघींनी मिळविली. तरीही गोष्ट सांगितली जाते ती बॅटची. याचे कारण उघड आहे. बॅट दाखविता येते, तिचे छायाचित्र काढता येते, 'हिच्यामुळे जिंकला' असे एका वाक्यात म्हणता येते. पराभूतांनाही ते कारण सोयीचे असते. पण दुहेरीची पाळी बॅट सांभाळीत नाही. चेंडू मारून अर्धे पाऊल मागे आणि एक पाऊल बाजूला सरणे, जोडीदारणीच्या खांद्याच्या हालचालीवरून तिचा फटका ओळखणे, हे कोणत्याही रबरात किंवा स्पंजात मिळत नाही. मुंबईच्या दुहेरीचा विजय यंत्राच्या नावावर मांडता येत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच तो सांगायला अवघड आणि विसरायला सोपा ठरला.

आणखीही एक कारण आहे. आपली स्मृती नायक शोधते आणि तो एकच असावा अशी तिची इच्छा असते. त्याच वर्षीच्या जुलैत हेलसिंकीला आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले; त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीईने घेतले. खाशाबांचे नाव आपण योग्यच जपले. परंतु जोडी म्हटली की आधी दोन नावे लक्षात ठेवावी लागतात, त्यातून ती परभाषेतली, त्यातून स्त्रियांची. लोक कंटाळतात. व्यवस्थापकही कंटाळतात, असे दिसते. टेबल टेनिस १९८८ साली सेऊलला ऑलिंपिकमध्ये आले तेव्हा स्त्रियांची दुहेरी त्यात होती. ती २००४ पर्यंत पाच वेळा खेळली गेली आणि २००८ साली सांघिक सामन्यांना जागा करून देण्यासाठी काढून टाकण्यात आली. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात ती पुन्हा घेतली आहे.

मुंबईनंतर काय झाले? १९५३ च्या बुखारेस्टच्या स्पर्धेला जपानचा संघ नव्हता. १९५४ साली वेम्बलीला रो भगिनींनी आपले पद परत मिळविले. अंतिम सामन्याचा दिवस होता १४ एप्रिल, त्यांचा एकविसावा वाढदिवस. आणि हरलेल्या जोडीत अ‍ॅन हेडन होती, जी पुढे अ‍ॅन जोन्स या नावाने १९६९ साली विम्बल्डनची विजेती झाली. सातोंना एकेरीचे पद पुन्हा मिळाले नाही. स्पंजवरून कित्येक वर्षे वाद चालला आणि १९५९ साली नियम झाला की, उघडा स्पंज चालणार नाही, मात्र वर दाणेदार रबर असलेला, एकूण चार मिलिमीटरपर्यंत जाडीचा थर चालेल. नाराहारा आणि निशिमुरा यांची नावे जागतिक विजेत्यांच्या यादीत पुन्हा येत नाहीत. पण त्यांनी उघडलेली वाट बंद झाली नाही : कॉर्बिलाँ करंडक १९५४, १९५७, १९५९, १९६१, १९६३, १९६७ आणि १९७१ या साली जपाननेच नेला, आणि स्त्रियांची दुहेरी १९५९, १९६३ आणि १९६७ साली जपानी जोड्यांनी जिंकली. एका बॅटच्या चमत्काराने वीस वर्षांची अशी परंपरा उभी राहत नाही.

मग यजमानांचे काय? १९५२ सालीच सिंगापूरच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या गूल नासिकवाला यांनी स्त्रियांची एकेरी जिंकली. म्हणजे आरंभ वाईट नव्हता. आशियाई सामन्यांत टेबल टेनिस आले ते १९५८ साली, टोकियोला. आणि तिथपासून भारतीय स्त्रियांची एखादी जोडी दुहेरीचे पदक घेईल याची वाट पाहण्यात पासष्ट वर्षे गेली. २०२३ च्या ३० सप्टेंबरला चीनमधील हांगचौ येथे सुतीर्था मुखर्जी आणि ऐहिका मुखर्जी या जोडीने उपांत्यपूर्व सामन्यात चेन मंग आणि वांग यिदी यांना, त्यांच्याच देशात, ११-५, ११-५, ५-११, ११-९ असे हरविले. दोघी बंगालमधल्या नैहाटीच्या. आडनाव एक, पण सख्ख्या बहिणी नव्हेत. ऐहिकाच्या बॅटला चेंडूची फिरकी मारून टाकणारे रबर आहे, तर सुतीर्थाच्या बॅटला आखूड दाण्यांचे. एकीचा चेंडू मंद आणि मेलेला येतो, लगेच दुसरीचा सपाट आणि वेगाने येतो. आणि पाळीच्या नियमामुळे समोरच्यांना या दोन जातींच्या चेंडूंतून सुटका नाही. या सामन्याच्या बातम्यांतही रबराचेच वर्णन पुष्कळ झाले. २ ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात उत्तर कोरियाच्या चा सू-याँग आणि पाक सू-ग्याँग यांच्याकडून त्या ३-४ अशा हरल्या. आशियाई सामन्यांत स्त्रियांच्या दुहेरीचे भारताला मिळालेले पहिले पदक ते हेच, कांस्याचे. पुढल्याच वर्षी अस्तानाच्या आशियाई स्पर्धेत त्याच दोघींनी आणखी एक कांस्यपदक आणले.