लेनी ब्रूसचा खटला

एप्रिल 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील 'कॅफे ओ गो गो' येथे एकट्याने उभे राहून धर्म, काम आणि समाजातील ढोंग यांवर निर्भीडपणे बोलणाऱ्या लेनी ब्रूस या विनोदकारावर अश्लीलतेची फिर्याद गुदरली गेली, तेव्हा परवाना खात्याच्या ज्या अंमलदाराने प्रेक्षकांत बसून टिपणे घेतली होती, त्यानेच साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून तो प्रयोग न्यायासनापुढे कथन केला. स्वर, विराम, मुद्रा आणि श्रोत्यांशी जुळलेले संधान हेच ज्या कलेचे प्राण, तिचे मोडकेतोडके शब्द परक्या मुखातून पुरावा म्हणून दाखल व्हावेत, हा घोर अन्याय होय. दुसऱ्याच्या निकृष्ट प्रयोगाबद्दल आपला निवाडा होत आहे, ही ब्रूसची तक्रार मला सर्वस्वी रास्त वाटते. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी त्याला दोषी ठरविले व चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. जामिनावर असतानाच ऑगस्ट 1966 मध्ये तो वारला. सहआरोपी असलेल्या कॅफेमालकाची शिक्षा 1968 साली अपिलात रद्द झाली. ब्रूसला मात्र गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी माफी दिली ती 2003 साली, मृत्यूनंतर 37 वर्षांनी.