दुसऱ्याच्या जागी उभे राहून लिहिणे



काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने कामगारांच्या मुलांसाठी एक निबंधस्पर्धा घेतली. विषय आम्हीच ठरविला होता : ‘मी वाघ बोलतो आहे’. चंद्रपूर जिल्ह्यातील मुलांना याहून सोपा विषय तो कोणता, असे आम्हांस वाटले. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारीचे अभयारण्य १९८६ साली झाले, आणि पुढे दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. तेव्हापासून वाघ हीच आमच्या जिल्ह्याची ओळख होऊन बसली आहे. मुलांनी पानेच्या पाने लिहिली. पण बहुतेक वाघ एकाच मार्गदर्शिकेतून आलेले दिसले. आरंभी जंगलाचा राजा, मध्ये माणसाच्या लोभाने दुःखी, आणि शेवटी ‘मला वाचवा’ म्हणून हात जोडणारे.

एका मुलीने मात्र चारच ओळी लिहिल्या. तिच्या घरचे माणूस मोहफुले वेचावयास रानात गेले होते, ते परत आले नाही. आपल्याला वाघाच्या बाजूने लिहिता येत नाही. चालत असेल तर रानात गेलेल्या बाईच्या बाजूने लिहिते, असा त्या ओळींचा अर्थ होता. परीक्षकांनी ‘विषय सोडून’ असा शेरा मारून तिला शून्य गुण दिले. ते परीक्षक आम्हीच होतो.

ती चूक आमच्या मनातून गेली नाही. आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, जुनी पुस्तके चाळून. त्यामुळे एखादी गोष्ट चुकली की तिचा मागचा इतिहास शोधावयाचा, ही खोड लागली आहे. मुलाला दुसऱ्याची भूमिका देऊन लिहावयास लावण्याची ही रीत आली कोठून, कशासाठी आली, आणि ती बिघडली कशी, याचा आम्ही जो शोध घेतला तो आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ही रीत फार जुनी आहे. रोमच्या शाळांत मुलांना वक्तृत्व शिकविताना इतिहासातील एखाद्या पुरुषाच्या जागी उभे करीत. कॅनीची लढाई जिंकल्यावर हॅनिबलने रोमवर चालून जावे की नाही, सुल्लाने सत्ता सोडावी की नाही, यांवर पोराने भाषण रचावयाचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील क्विंटिलियन हा नामांकित शिक्षक. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याचा अभ्यास हा सर्वांत कठीण, असे त्याचे मत होते, कारण त्यात बोलणाऱ्याचे वय, दर्जा, स्वभाव आणि प्रसंग ही सारी सांभाळावी लागतात. तथापि या शाळा सरदारांच्या मुलांसाठी होत्या. सुल्लाच्या जागी उभे राहणारी पोरे पुष्कळ होती. सुल्लाच्या गुलामाच्या जागी कोणाला उभे केल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ पत्रात पत्रांच्या रूपाने समाजाचा हिशेब मांडला. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि कुणब्याच्या, त्याच्या बायकोच्या व जोशीबुवाच्या तोंडून अज्ञानाची किंमत सांगितली. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात एक निबंध छापून आला. तो फुले दांपत्याच्या शाळेतील सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा, मुक्ता साळवे हिचा होता. विषय होता महारमांगांच्या दुःखाचा. तिने कोणाची भूमिका घेतली नाही. ती आपल्याच जागी उभी राहिली आणि आपल्या लोकांतर्फे बोलली. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, हे तिने लिहिले.

शाळकरी लेखनाच्या इतिहासात आम्ही या निबंधाला फार वरचे स्थान देतो. ज्याला आपल्या जागेवरून बोलण्याची कधी परवानगीच मिळाली नाही, त्याला दुसऱ्याच्या जागेवरून बोलावयास लावणे म्हणजे त्याचे तोंड दुसऱ्यांदा बंद करणे होय. आमच्या स्पर्धेतील त्या मुलीला हेच तर सांगावयाचे होते.

यापुढचा टप्पा आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि नई तालीमची योजना आकारास आली. त्या वेळी चांदा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, आणि याच प्रांतात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजनाही निघाली. सेवाग्रामला आर्यनायकम् पतिपत्नींनी ‘समवाय’ म्हणून जी पद्धती चालविली तिचे मर्म असे, की विषयांच्या भिंती पाडावयाच्या. टकळीवर सूत काढताना त्यातच गणित, त्यातच कापसाच्या जमिनीचा भूगोल आणि त्यातच परदेशी कापडाचा इतिहास. पुढे ही योजना मागे पडली. हस्तव्यवसायाची वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेने शिक्षक आणि पालक दोघेही बिचकले. पण विषयांच्या भिंती पाडण्याचा विचार काही खोटा ठरला नाही.

आम्हा कामगारांशी या इतिहासाची गाठ पडते ती १९५८ साली. त्या वर्षी केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरास आले. त्याच्या वर्गांत व्याख्यानांबरोबर चर्चा आणि भूमिका घेऊन बोलणे या रीती वापरीत. अशाच धर्तीच्या एका अभ्यासवर्गात आम्ही तरुणपणी बसलो होतो. निम्म्यांनी मागणीपत्र लिहावयाचे, उरलेल्या निम्म्यांनी व्यवस्थापक होऊन त्याला नकाराचे पत्र लिहावयाचे. आम्ही मागणीपत्र लिहिले, भाषा कडक वापरली आणि स्वतःवर खूश झालो. आमच्यासमोरचा खाणकामगार जेमतेम सहावी शिकलेला. त्याने व्यवस्थापक होऊन असे उत्तर लिहिले, की आमच्या मागणीतील दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे साऱ्या वर्गाला दिसले. त्या रात्री आम्ही हजेरीपट आणि वेतनाच्या चिठ्ठ्या घेऊन बसलो. समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडता आल्याशिवाय आपले म्हणणे पक्के होत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पुढे खऱ्या वाटाघाटींत ते शिक्षण पदोपदी उपयोगी पडले.

आमच्यासारखेच शिक्षण परदेशातही एका गिरणीत काम केलेल्या बाईने उभे केले. डोरोथी हीथकोट ही इंग्लंडातील यॉर्कशायरची. १९२६ चा जन्म. चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागली, पुढे नाट्यशिक्षणाची अध्यापक झाली. मुलांना एखाद्या कामातील जाणकारांची भूमिका द्यावयाची आणि त्या कामाच्या निमित्ताने सारे विषय शिकवावयाचे, ही तिची पद्धती जगभर गेली. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात शिक्षकांनी याच विचाराला लेखनापुरते चार प्रश्नांत बांधले : लिहिणारा कोण, वाचणारा कोण, लिखाणाचा प्रकार कोणता आणि विषय कोणता. विज्ञान असो वा इतिहास, मुलाने प्रथम ही चार उत्तरे ठरवावयाची आणि मग लेखणी उचलावयाची.

आपल्याकडेही ‘आत्मकथन’ आहेच. २०१८ साली आलेल्या दहावीच्या मराठीच्या पुस्तकातही ते आहे, पत्रलेखन आणि बातमीलेखनही आहे. परंतु ते मराठीच्या तासाला, परीक्षेच्या गुणांसाठी. विज्ञानाच्या वहीत, भूगोलाच्या वहीत ते शिरत नाही. आणि मराठीच्या तासालाही ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ पाठ करून उतरविता येते. भूमिका घ्यावयाची ती ज्ञान मिळविण्यासाठी. पाठ केलेल्या भूमिकेतून ज्ञान कोठून येणार? रीत बिघडली ती येथे.

वास्तविक आमच्या मुलखाला भूमिका घेणे शिकवावे लागत नाही. हा झाडीपट्टीचा प्रदेश. दिवाळीनंतर धान घरात आले, शंकरपट भरला, की रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज-वडसा हे त्यांचे मोठे केंद्र. पूर्वीच्या दंडारीत दिवसभर बांधीत राबलेला गडी रात्री राजा होई आणि मिशी उतरवून राणीही होई. गडचिरोली जिल्ह्यातील झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावोगावच्या माणसांना तो आपलाच सन्मान वाटला. ज्या मुलाचा बाप रात्री शिवाजीमहाराज होतो, त्या मुलाला इतिहासाच्या तासाला सनावळी घोकावी लागते, ही उणीव शाळेची आहे.

आम्ही अलीकडे संघटनेच्या सुट्टीतील वर्गात जे अभ्यास देतो त्यांतले काही सांगतो.

पहिला, वहीचे आत्मवृत्त. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ सालची. तेथे जाणारा बांबू आमच्याच रानांतला. मुलाने वही होऊन लिहावयाचे तर बांबू कोणी तोडला, त्याची मजुरी काय, तुकडे करून तो कोणत्या रसायनांत शिजविला, लगद्याचा काळा रंग कसा गेला, ते पाणी कोठे सोडले, हे विचारल्यावाचून एक ओळ पुढे सरकत नाही. यात रसायनशास्त्र आहे आणि भूगोलही आहे. नागरिकशास्त्र तर आहेच. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. १९२७ च्या वनकायद्याने त्याला झाडांत घातले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज म्हटले. २०१७ च्या दुरुस्तीने झाडाच्या व्याख्येतून तो काढला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्याने विकण्याचा अधिकार २०११ साली हाती आला. बांबूने न्यायाधीशापुढे उभे राहून ‘मी कोण?’ असे विचारावे, हा अभ्यास मुलांना फार आवडतो.

दुसरा नदीचा. वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून निघते, वर्धा बैतूलकडून येते, चपराळ्यापाशी दोघी भेटून प्राणहिता होतात आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळतात. नदी होऊन लिहिणाऱ्या मुलाचा मार्ग चुकला तर वर्ग हसतो. नकाशा तेथेच पाठ होतो.

तिसरा गणिताचा. आमच्याकडे तेंदूच्या एका पुड्यात सत्तर पाने आणि प्रमाणित गोणीत एक हजार पुडे, म्हणजे सत्तर हजार पाने. एका मुलाने फळीवरचा दिवाणजी व्हावयाचे, दुसऱ्याने पुडे घेऊन आलेली बाई. दिवाणजी काही पुडे खराब म्हणून बाजूला काढतो. बाईने लेखी हिशेब मागावयाचा. गुणाकार आणि शेकडेवारी शिकविण्यासाठी याहून चांगला धडा आम्हांस माहीत नाही.

चौथा इतिहासाचा. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. चार वर्षांनी बाबूराव शेडमाके या मोलमपल्लीच्या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. एकाने डेप्युटी कमिशनर क्रिक्टन होऊन नागपूरला अहवाल लिहावयाचा, एकाने बाबूरावांच्या सोबत्याचा जबाब लिहावयाचा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारावयाचे, की एकच लढाई एका कागदात ‘बंड’ आणि दुसऱ्यात ‘उठाव’ का झाली? सरकारी कागद कसा वाचावा, हे यातून कळते.

आता सावधगिरीचे दोन शब्द. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, आणि त्या सुमारासच तेथे बंदुकीचे दिवस सुरू झाले. ज्या गावाने दोन्हीकडचा धाक पाहिला, तेथील मुलाला बंदूकधाऱ्याची भूमिका देऊन लिहावयास लावू नये. लिहिलेला कागद वर्गाबाहेर जातो आणि मुलाच्या घरी पोचण्याआधी दुसऱ्याच्या हाती पडू शकतो. ज्या घरात दुःख ताजे आहे, तेथील मुलाला दुःख देणाऱ्याच्या जागी उभे करू नये. निदान भूमिका निवडण्याचा अधिकार त्याचा त्याला असावा.

दुसरे, भाषेचे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरचे मूल मराठीत ‘मी’ लिहिते, तेव्हाच त्याने एक परकी भूमिका घेतलेली असते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात १९७३ नंतर आमटे कुटुंबाला प्रथम माडिया शिकावी लागली, तेव्हा माणसे बोलू लागली. शिक्षकानेही तेवढे करावे. आधी मुलाला त्याच्या बोलीत, त्याच्या जागेवरून सांगू द्यावे. मग वाघ, नदी, साहेब जे व्हावयाचे ते होऊ द्यावे. आणि शेवटी पुन्हा आपल्या जागी आणून विचारावे, की आता तुला काय वाटते?

हा क्रम आम्ही त्या मुलीकडून शिकलो. दुसऱ्या वर्षी आम्ही विषय बदलला : ‘रान आणि गाव’, भूमिका ज्याने त्याने निवडावी. आम्ही तिच्या घरी जाऊन चूक कबूल केली आणि तिला पुन्हा लिहिण्याची विनंती केली. तिने रानात गेलेल्या बाईचे लिहिले, आणि त्याखाली वनरक्षकाचेही लिहिले : एकटा, हातात काठी, आणि गस्त घालावयास एवढे मोठे रान. वाघाचे तिने तेव्हाही लिहिले नाही. आम्हीही ते मागितले नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी पालक असाल, कोणी शिक्षक, कोणी शाळेच्या समितीवर. एवढीच विनंती आहे, की उद्या मुलाची वही उघडाल तेव्हा शुद्धलेखनाआधी हे पाहा, की त्यात कोण बोलतो आहे आणि कोणाशी बोलतो आहे. ते वाचून झाले की मग लाल शाई हाती घ्या.