दडवलेला अहवाल

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली. निजामाची सत्ता गेली, रझाकारांचा जुलूम संपला. पण त्यामागोमाग मराठवाड्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. चौकशीला दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती आली. हैदराबाद राज्यात २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. झळ लागलेल्या जिल्ह्यांत बीडही आहे. सरकारनं तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला.

आमच्याकडची म्हातारी माणसं रझाकारांचं पारावर सांगायची. हे मात्र दाराआड, आवाज बारीक करून. कागद दडवल्यानं मेलेली माणसं उठली नाहीत. तोंडातोंडी कुणी आकडा वाढवला, कुणी साफ पुसला. आता सरकार खरं बोललं तरी लोक आधी विचारतात, मागं काय ठेवलंय?