कळंबमधील गरोदरपणाचा आधार : सुईण ते कृत्रिम बुद्धिमत्ता

मांजरेच्या खोऱ्यातला कळंब तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातून होई. पहिलटकरीण माहेरी येई. डोहाळजेवणात तिचे मन राखले जाई, पाचवीला सटवाई पुजली जाई. सुईण नाळ कापी, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घाली आणि घाबरलेल्या पोरीला धीरही देई. मात्र अतिरक्तस्राव किंवा आकडी यांवर तिच्याकडे इलाज नसे.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना सुरू झाल्या. गावात आशाताई आल्या, दवाखान्यातले बाळंतपण वाढले. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. तरी या दुष्काळी पट्ट्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघाली, की गरोदर बाईच्या तपासण्या खंडित होतात आणि ओळखीची आशाताई गावातच राहते. फडावर त्या गरोदर बाईपर्यंत पोहोचू शकतो तो घरातला मोबाइल.

या साधनाचा उपयोग डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘अरमान’ संस्थेने केला. २०१४ पासून तिच्या ‘एम-मित्र’ सेवेतून गरोदरपणापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत मोफत ध्वनिसंदेश मिळू लागले. पण अनेक जणी हळूहळू संदेश ऐकणे सोडून देत, आणि प्रत्येकीला स्वतः फोन करण्याइतक्या कार्यकर्त्या नव्हत्या.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामी आली. गूगल रिसर्चसोबत तयार झालेली ‘सहेली’ प्रणाली वय, शिक्षण, गरोदरपणाचे आठवडे आणि पूर्वीचे ऐकणे यांवरून कोणाला फोन केल्याने सर्वाधिक फरक पडेल, हे ठरवते. मग कार्यकर्ती त्या आईशी बोलते. सुमारे २३,००० महिलांवरील सात आठवड्यांच्या चाचणीत, नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत ऐकण्यातली घट सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. २०२२ पासून ही प्रणाली नियमित वापरात आली.

२०२४ मध्ये केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. चौथ्या महिन्यापासून दर आठवड्याला एक, असे तिचे ७२ ध्वनिसंदेश शासकीय नोंदणीतल्या मोबाइल क्रमांकावर येतात. मन खचल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून समुपदेशक भेटतात. कोणाकडे आधी लक्ष द्यावे, हे यंत्र सुचवते. धीर देण्याचे सुईणीचे काम आजही माणसांनाच करावे लागते. म्हणून आशाताई आणि समुपदेशक यांचे बळ वाढवणे, हीच या तंत्रज्ञानाची खरी गरज आहे.